विश्लेषण : एका मण्याच्या चुकीने रक्त कसे बिघडते? सिकलसेलचे कोडे सोडवणारे लिनस पॉलिंग कोण होते?

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव... गोंदिया जिल्ह्यातील या तालुक्यांत सिकलसेल हा शब्द घरोघरी माहीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीसाठी जातो. यातील इलेक्ट्रोफोरेसिस या पद्धतीनेच १९४९ मध्ये या आजाराचे मूळ सापडले. ते शोधणाऱ्या गटाचे प्रमुख होते अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग.

बालपण कसे गेले?

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड येथे झाला. वडील औषधविक्रेते होते. लिनस नऊ वर्षांचे असताना ते वारले. आईने भाडेकरू ठेवून तीन मुलांचे घर चालवले. इतिहासाचे सक्तीचे विषय राहिल्याने लिनस यांना शाळा सोडताना प्रमाणपत्र मिळाले नाही. ते शाळेने १९६२ मध्ये दिले. तोपर्यंत त्यांच्या नावावर एक नोबेल जमा होते.

ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात काम करत ते शिकले. तेथेच भेटलेल्या एव्हा हेलन मिलर यांच्याशी १९२३ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९२५ मध्ये कॅलटेक या संस्थेतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, हा त्यांचा मुख्य विषय होता.

प्रथिनांकडे ते कसे वळले?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. ही माळ ठरावीक पद्धतीने दुमडली, तरच प्रथिन काम करते. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते, कारण उष्णतेने त्यातील प्रथिनांच्या घड्या मोडतात. अशा घड्या मोडल्या की प्रथिनाचे गुण बदलतात, हे पॉलिंग आणि आल्फ्रेड मिर्स्की यांनी १९३६ मध्ये मांडले.

१९४८ मध्ये ऑक्सफर्डला आजारी पडून अंथरुणावर असताना पॉलिंग यांनी कागदावर माळ काढून तो दुमडून पाहिला. त्यातून प्रथिनातील मळसूत्रासारख्या रचनेची कल्पना सुचली. १९५१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ती जाहीर केली. चुणीदार पडद्यासारखी दुसरी रचनाही त्याच वर्षी मांडली.

सिकलसेलचे कोडे कसे सुटले?

१९४५ मध्ये डॉ. विल्यम कॅसल यांच्याकडून पॉलिंग यांना कळले की, या रुग्णांच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकड्या होतात. दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असावा, असा अंदाज त्यांनी बांधला. हार्वे इटानो या तरुण डॉक्टरवर तपासाचे काम सोपवले. विजेच्या क्षेत्रात रुग्णांचे हिमोग्लोबिन निरोगी माणसांपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकारांचे मिश्रण दिसले. एखादा आजार रेणूच्या पातळीवरचा असतो, हे प्रथमच सिद्ध झाले.

पुढे व्हर्नन इनग्राम यांनी नेमकी चूक दाखवली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ मण्यांपैकी सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडल्यावर रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात आणि पेशी धान कापायच्या विळ्यासारखी वाकते. मग रक्तवाहिन्या तुंबतात. तीव्र वेदना, रक्तक्षय आणि काही मुलांमध्ये पक्षाघातही होतो.

मेंदूच्या आजारांशी याचा संबंध काय?

सिकलसेलमध्ये प्रथिनाची घडी मोडत नाही, ते फक्त चिकट होते. अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांत मात्र घडीच चुकते. अल्झायमरमध्ये अमायलॉइड बीटा आणि टाऊ, तर पार्किन्सनमध्ये अल्फा सिन्यूक्लिन ही प्रथिने चुकीच्या आकारात येऊन एकमेकांना चिकटतात. त्यांच्या तंतूंमध्ये पॉलिंग यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या पडद्यासारखी रचना असते. एक बिघडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूलाही बिघडवू शकतो.

काही मोजक्या कुटुंबांत जनुकातील बदलामुळे हे आजार कमी वयात सुरू होतात. बहुतेक रुग्णांत मात्र असा एकच बदल नसतो. तांबड्या पेशी शरीर सतत नव्या बनवते. मेंदूतील मेलेल्या पेशी भरून येत नाहीत, म्हणून तेथील नुकसान कायमचे ठरते.

पॉलिंग कुठे चुकले?

१९५४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे आणि अणुचाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी १९६२ सालचे शांततेचे नोबेल मिळाले. कोणाशीही वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारे ते एकमेव. तरीही डीएनएची रचना मांडताना ते चुकले. जीवनसत्त्व क च्या मोठ्या मात्रेने कर्करोगात फायदा होतो, हा त्यांचा दावा पुढच्या चाचण्यांत टिकला नाही.

सर्वात मोठी चूक १९६८ मधली. सिकलसेलच्या वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत, असे त्यांनी सुचवले. रेणू अचूक ओळखणाऱ्या माणसाला त्या खुणेने माणसाचे काय होईल, हे कळले नाही. १९ ऑगस्ट १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील बिग सर येथे त्यांचे निधन झाले.

गोंदियाने यातून काय घ्यावे?

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. सिकलसेलचा वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. लहानपणी हिवतापाच्या गंभीर त्रासापासून त्याला काही संरक्षणही मिळते. दोन्ही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जोडीदार वाहक आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन सामान्य असेल, तर बाळाला सिकलसेल आजार होत नाही.

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. लक्ष्य २०४७ चे आहे. बदनामीच्या भीतीने सोयरिकीच्या वेळी अहवाल लपवला, तर त्याची किंमत येणारे बाळ मोजते. वाहक मुलीला नाकारण्याऐवजी मुलाचीही तपासणी करावी. ती लग्नाआधी झाली नसेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांनी करून घ्यावी.