कान्होजी आंग्रे

कान्होजी आंग्रे (जन्म: सुमारे इ.स. १६६९, मृत्यू: ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे प्रमुख, म्हणजेच सरखेल होते. मुंबईच्या दक्षिणेकडील कोकण किनाऱ्यावर त्यांनी सुमारे तीन दशके आपले वर्चस्व टिकवले. इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिन्ही सागरी सत्तांनी त्यांच्या किल्ल्यांवर हल्ले केले, परंतु त्यांच्या हयातीत कुलाबा, खांदेरी किंवा विजयदुर्ग यांपैकी एकही किल्ला या सत्तांच्या हाती पडला नाही. या यशामागे रणकौशल्याबरोबरच माणसे, लाकूड, धान्य आणि पैसा यांचा अखंड पुरवठा करणारी व्यवस्था होती.

पूर्वपीठिका

छत्रपती शिवाजी महाराजांनी इ.स. १६५७ नंतर उत्तर कोकणातील कल्याण-भिवंडीचा प्रदेश ताब्यात आल्यावर आरमाराची उभारणी सुरू केली. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज यांच्यामुळे किनाऱ्यावरील मुलूख व व्यापार सुरक्षित नव्हता. इ.स. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू झाले, तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. मात्र मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून थळच्या किनाऱ्यावरून धान्य, माणसे व बांधकामाचे सामान बेटावर पोहोचवीत राहिल्या. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. किनाऱ्यालगतच्या लढाईत जहाजांच्या आकारापेक्षा रसद अधिक निर्णायक ठरते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

प्रारंभिक जीवन

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ होते. आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव पडले, असे मानले जाते. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजींची कारकीर्द हर्णैजवळील सुवर्णदुर्ग किल्ल्यावर सुरू झाली. परंपरागत वृत्तांतानुसार तेथील किल्लेदार सिद्दीशी संगनमत करून किल्ला देण्याच्या बेतात असता कान्होजींनी त्याला कैद केले आणि किल्ला वाचवला.

इ.स. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगड मोगलांच्या हाती गेला. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस गेले. या काळात आरमाराची सूत्रे सिधोजी गुजर यांच्याकडे होती व कान्होजी त्यांच्या हाताखाली काम करीत. सिधोजींच्या मृत्यूनंतर, इ.स. १६९८ च्या सुमारास, आरमाराचे प्रमुखपद कान्होजींकडे आले. अलिबागजवळील कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे बनले.

आरमाराची रचना

कान्होजींच्या आरमारात गुराब आणि गलबत हे लढाऊ जहाजांचे दोन मुख्य प्रकार होते. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. तिच्या नाळेच्या बाजूस पुढे मारा करणाऱ्या तोफा बसवलेल्या असत. गलबत साधारणपणे ७० टनांहून लहान असून ते शिडाबरोबर ४० ते ५० वल्ह्यांनीही चालवता येई. वारा पडला की युरोपीय जहाजे जागीच थांबत. अशा वेळी गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. तेथून डोलकाठ्या व शिडे निकामी केल्यावर गलबतांवरील सैनिक शत्रूच्या जहाजावर चढत. या पद्धतीत वल्ही मारण्यासाठी आणि हातघाईच्या लढाईसाठी मोठ्या संख्येने माणसे लागत.

मनुष्यबळ

खलाशी व लढवय्ये प्रामुख्याने कोळी, भंडारी, गाबीत, खारवी इत्यादी किनाऱ्यावरील समाजांतून येत. मुसलमान दर्यावर्दीही आरमारात होते, तर तोफखान्यासाठी काही युरोपीय लोकांना चाकरीत घेतले जाई. पावसाळ्यात समुद्र बंद असल्याने जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम पुन्हा सुरू होई. मासेमारी, शेती आणि आरमारी चाकरी हे तिन्ही व्यवसाय एकाच वर्षचक्रात बसत असत.

समकालीन इंग्लंडच्या राजकीय आरमारात युद्धकाळी खलाशांची कमतरता भासे. ती भरून काढण्यासाठी बंदरांतील व व्यापारी जहाजांवरील माणसे सक्तीने भरती केली जात. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज जहाजांपुढे रोगराई, पलायन आणि हजारो मैलांवरून येणाऱ्या सामानाचा प्रश्न असे. मुंबईच्या इंग्रजांनाही स्थानिक भंडाऱ्यांची भरती करावी लागली. कान्होजींची माणसे मात्र आपल्याच गावांच्या खाड्यांत व बंदरांत लढत होती.

लाकूड, दुरुस्ती आणि रसद

जहाजबांधणीसाठी सागवान सह्याद्रीच्या उतारावरील व कोकणातील रानांतून मिळे, तर दोरखंडासाठी काथ्या किनाऱ्यावरच तयार होई. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी खडक खोदून केलेली गोदी आंग्रेकालीन मानली जाते. उत्तरेस कुलाबा, मध्यावर सुवर्णदुर्ग आणि दक्षिणेस विजयदुर्ग अशी मुख्य ठाणी असल्यामुळे नादुरुस्त जहाजाला जवळच आश्रय, पाणी व धान्य मिळू शके.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्र या ग्रंथात आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, अन्यथा व्यापाऱ्यांना उपद्रव होईल, असे त्यात सांगितले आहे. रयतेची आंबा व फणसाची झाडे तोडू नयेत, असेही त्यात बजावले आहे. कान्होजींच्या काळात मात्र मोगलांशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे मध्यवर्ती खजिन्यातून आरमार पोसणे अवघड झाले होते. त्यामुळे आपल्या ताब्यातील मुलखाचा वसूल आणि समुद्रावरील कर यांवरच त्यांना भिस्त ठेवावी लागली.

दस्तक आणि इंग्रजांशी संघर्ष

किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी कर भरून दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा कान्होजींचा नियम होता. दस्तक नसलेले जहाज पकडले जाई. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून हिंदी महासागरात अशीच परवान्यांची पद्धत चालवली होती. तरीही इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले. कान्होजी छत्रपतींनी नेमलेले सरखेल असल्याने त्यांच्या दृष्टीने हा कर राज्याचा हक्क होता.

इ.स. १७१२ मध्ये कारवारहून मुंबईस येणारी इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका त्यांच्या आरमाराने पकडली. पुढच्या वर्षी ३०,००० रुपये खंडणी घेऊन कैद्यांची सुटका झाली व तह करण्यात आला. कंपनीच्या जहाजांना सूट मिळाली तरी, इंग्रजांच्या आश्रयाने माल नेणाऱ्या हिंदी व्यापाऱ्यांनाही ती लागू होते का, हा वाद कायम राहिला.

चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने नवी जहाजे बांधून युद्ध सुरू केले. इ.स. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर झालेले इंग्रजांचे हल्ले फसले. इ.स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी कुलाब्यावर एकत्रित मोहीम काढली. तीत कमोडोर थॉमस मॅथ्यूज याच्या हाताखालील इंग्लंडच्या राजकीय आरमाराची जहाजेही होती. पेशवे पहिले बाजीराव यांची फौज कान्होजींच्या मदतीस आली आणि पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये स्वतंत्र तह केला. इ.स. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही अयशस्वी ठरला.

छत्रपती शाहूंशी तह

छत्रपती शाहू महाराज व महाराणी ताराबाई यांच्यातील संघर्षात कान्होजी आरंभी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. त्यानंतर पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी वाटाघाटी करून कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणले. या तहाने त्यांचे सरखेलपद आणि किनाऱ्यावरील किल्ले व ठाणी यांचा ताबा मान्य झाला. आरमार पोसण्याच्या साधनांना त्यामुळे राजमान्यता मिळाली, मात्र ही साधने एका घराण्याच्या हाती राहिली.

मृत्यू आणि नंतरचा काळ

४ जुलै, इ.स. १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. त्यांच्यानंतर पुत्र सेखोजी सरखेल झाले, परंतु इ.स. १७३३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढे भाऊबंदकीमुळे कुलाबा मानाजींकडे, तर सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजींकडे आणि नंतर तुळाजींकडे गेले. ठाणी व त्यांच्यामागील मुलूख अशा रीतीने विभागला गेल्याने आरमाराचे सामर्थ्य घटले. तुळाजी व पेशवे यांच्यातील वैरामुळे पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. इ.स. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, तर फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला. त्या लढाईत बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळून नष्ट झाले.

स्मृती

भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला इ.स. १९५१ मध्ये आय.एन.एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटालाही कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले असून तेथे दीपगृह आहे.