खलनायकाचे सोनेरी केस

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी नाटक होते आणि त्यातल्या दुष्ट सावकाराचे किंवा पाटलाचे काम माझे वडील करतात. एरवी ते गवंडीकाम करतात. स्वभावाने इतके गरीब, की उधारी मागायलाही त्यांना संकोच वाटतो. पण स्टेजवर आले की बायाबापड्या त्यांना शिव्यांची लाखोली वाहतात. शाळेत असताना मुले मला सावकाराचा पोरगा म्हणून चिडवीत. त्या दिवसांत मी जत्रेच्या रात्री मंडपाच्या अगदी मागे, अंधारात बसत असे. वडिलांना एकदा तरी नायकाचे काम मिळावे असे मला फार वाटायचे. लोकांनी मग त्यांच्यावर प्रेम केले असते का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मुष्टियोद्धा मुहम्मद अली याच्याविषयी वाचत होतो. तिथे एका अमेरिकन कुस्तीगिराचे नाव आले आणि माझा जुना प्रश्न पुन्हा जागा झाला. त्याचे नाव गॉर्जस जॉर्ज. गॉर्जस म्हणजे देखणा, झगमगीत. हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हते.

जॉर्ज रेमंड वॅग्नर याचा जन्म २४ मार्च १९१५ रोजी नेब्रास्का राज्यातल्या बट या लहानशा गावी झाला. घरची गरिबी होती आणि आई सदा आजारी. कुटुंब फिरत फिरत टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरी, कष्टकऱ्यांच्या वस्तीत येऊन राहिले. तिथेच तो कुस्ती शिकला. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो मिळेल ते काम करू लागला आणि जत्रांतून चार पैशांसाठी कुस्त्या खेळू लागला. १९३२ साली आई वारली.

अमेरिकेतली ही धंदेवाईक कुस्ती म्हणजे आपल्या तालमीतली कुस्ती नव्हे. तिथे निकाल आधीच ठरलेला असतो. एक मल्ल सज्जन, दुसरा दुर्जन. सज्जनाला टाळ्या, दुर्जनाला हुर्यो. म्हणजे एका अर्थाने ते नाटकच. पण अंग आपटते ते खरेच आपटते, आणि तिकिटाचे पैसेही खरेच असतात.

या नाटकात वॅग्नर आरंभी सज्जन होता. चपळ होता, डावपेच जाणत होता आणि नियमाने खेळत होता. परंतु उंची बेताची आणि चेहरा चारचौघांसारखा. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे! त्याला लोकांच्या गळ्यातला ताईत करता आले असते का, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घेतले पाहिजे. चांगल्या माणसाचे काम त्याने अनेक वर्षे केले होते. लोकांनीच ते पाहिले नाही.

१९३९ साली ओरेगन राज्यातल्या युजीन गावी त्याने बेटी हॅन्सन हिच्याशी कुस्तीच्या रिंगणातच लग्न केले. ते लोकांना इतके आवडले, की गावोगाव तेच लग्न पुन्हा लावून दाखवावे लागले. बेटी आणि तिची आई त्याच्यासाठी सुंदर झगे शिवीत. हे महागाचे झगे मळू नयेत म्हणून तो कुस्तीपूर्वी हळूहळू, निगुतीने घडी घाली. प्रेक्षक खवळले, ओरडू लागले. चतुर वॅग्नरने ओळखले, की ज्या कुस्तीला कोणी दाद देत नव्हते, तिच्याहून या घडीलाच अधिक मोल आहे. तो घडी घालायला आणखी वेळ लावू लागला.

पुढचे सारे त्यातून निघाले. त्याने केस सोनेरी करून कुरळे वळवून घेतले. त्यांत सोनेरी मुलाम्याच्या पिना खोवल्या आणि त्या तो प्रेक्षकांत फेकू लागला. बँडच्या गंभीर सुरावटीवर तो राजासारखा प्रवेश करी. त्याच्या आधी एक खिदमतगार येऊन रिंगणात सुगंधी फवारा मारी. पंचाने हातांवर फवारा मारून घेतल्याशिवाय जॉर्ज त्याला अंगाला हात लावू देत नसे. आणि कुस्ती सुरू झाली, की हा नाजूक महाराज बेधडक लबाडी करी. माणसे संतापाने लाल होत. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढीत!

११ नोव्हेंबर १९४७ रोजी तो प्रथम दूरदर्शन संचावर दिसला. ते यंत्र तेव्हा अमेरिकेतही नवे होते. जॉर्ज घराघरांत पोहोचला आणि देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या खेळाडूंत त्याची गणना होऊ लागली. १९५० साली त्याने कायद्याने आपले नावच गॉर्जस जॉर्ज असे करून घेतले. मला त्याच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच वाटते. आमचे वडील पहाटे रंग पुसून घरी येतात. या माणसाने मात्र रंग पुसायची सोयच ठेवली नाही.

पुढे उतार लागला. लोकांचे कुतूहल ओसरले, मद्य वाढले, दोन संसार मोडले. कॅलिफोर्नियात त्याने टर्की पक्षी पाळण्याचा धंदाही करून पाहिला. १२ मार्च १९५९ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरी, लोकांचा लाडका मल्ल व्हिपर बिली वॉटसन याच्याविरुद्ध त्याने केस पणाला लावले आणि तो हरला. भर रिंगणात त्याचे सोनेरी केस भादरण्यात आले. पुन्हा १९६२च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला मुखवटाधारी डिस्ट्रॉयरकडून तो हरला आणि पुन्हा केस गेले. यकृताच्या विकाराने तो तेव्हा पोखरला गेला होता. ती त्याची अखेरची कुस्ती ठरली. २६ डिसेंबर १९६३ रोजी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय अवघे अठ्ठेचाळीस!

मग त्याला नायक करता आले असते का? याचे उत्तर मला त्याच्या नव्हे, तर त्याच्या एका शिष्याच्या आयुष्यात सापडले. १९६१ सालच्या जून महिन्यात लास व्हेगास शहरी कॅशियस क्ले नावाचा मुष्टियोद्धा जॉर्जला भेटला. वय एकोणीस, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. आपला पराभव पाहायलाही लोक पैसे मोजतात, तेव्हा खुशाल बढाया मार, असा मंत्र जॉर्जने त्याला दिला. क्ले मुळात बोलकाच होता. त्याने तो मंत्र उचलला. जॉर्जच्या मृत्यूनंतर सुमारे दोन महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९६४ रोजी, तो जगज्जेता झाला आणि लवकरच मुहम्मद अली या नावाने ओळखला जाऊ लागला. तोही पुष्कळांना खलनायकच वाटे. १९६७ साली त्याने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिला. त्याचे पद काढून घेतले गेले आणि ऐन उमेदीची तीनहून अधिक वर्षे त्याला लढता आले नाही. तरी तो नमला नाही. १९७४ साली आफ्रिकेतल्या किन्शासा शहरी सारे मैदान त्याच्या बाजूने उभे होते. १९९६ साली अटलांटा येथे त्याने थरथरत्या हातांनी ऑलिंपिकची ज्योत पेटवली, तेव्हा एके काळी त्याचा तिरस्कार करणारा देश त्याच्यावर प्रेम करीत होता.

अलीने बढाया मारणे सोडले नव्हते. फक्त त्या बढायांच्या आड एक माणूस आहे आणि तो स्वतःच्या शब्दाची किंमत मोजतो, हे लोकांना दिसले. खलनायक लोकांचा होतो तो असा. नुसते सोंग बदलून नव्हे. जॉर्जच्या सोंगात एकच गोष्ट खरी होती, ती म्हणजे जमिनीवर पडलेले ते केस. आडचा वॅग्नर तोवर कोणाला दाखवावा इतका उरलाच नव्हता. सोंगाने त्याला दारिद्र्यातून वर काढले आणि त्या बदल्यात त्याचे नाव घेतले. त्याच्या थडग्यावरच्या पाटीवर लेकरांनी बापावरची माया नोंदवली आहे. पण तिथेही नाव आहे ते गॉर्जस जॉर्जच.

ते वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मी माझ्या बापाला कोणत्या नावाने ओळखत होतो?

यंदा जत्रेला गेलो तो पहिल्या रांगेत बसलो. सावकाराने विधवेचे शेत लिहून घेतले आणि मंडपात एकच हुर्यो झाली. मी एकटा टाळ्या वाजवीत होतो. वडिलांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि पुढचे वाक्य नेहमीपेक्षा अधिक खुनशीपणाने म्हटले. पहाटे त्यांनी विहिरीवर तोंड धुतले, चहा घेतला आणि घमेले-थापी घेऊन ते कामावर निघून गेले.