कुंडीतला वाटाणा, काडेपेटी अन् कॅमेरा : त्र्यंबकेश्वरच्या फाळकेंनी घरातल्या वस्तूंतून सिनेमा कसा उभा केला

नाशिक : दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला पुरस्कार आठवतो. टीव्हीवर कुणा मोठ्या नटाला शाल, सुवर्णकमळ वगैरे देतात तो. पण ज्यांच्या नावानं तो देतात, ते आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. आणि त्यांचा सगळा खेळ सुरू झाला तो एका कुंडीतल्या वाटाण्याच्या दाण्यापासून, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. घर भिक्षुकीचं, वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. पोराला मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांची ओढ. १८८५ साली त्यांनी जे. जे. कला शाळेत नाव घातलं, पुढं बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथं चित्रकला झाली, छपाईचे ठसे बनवणं झालं, फोटोग्राफी झाली. कॅमेरा हाताला लागला तो इथंच.

मग धंदा म्हणून गुजरातेत गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. धंदा बरा चालायला लागला तोच प्लेगची साथ आली. त्यात पहिली बायको गेली, मूलही गेलं. फाळके गोध्रा सोडून बडोद्याला परतले. तिथं वेगळीच अडचण. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं लोकांना वाटायचं. आज आपण जेवायच्या ताटाचासुद्धा फोटो काढतो, तेव्हा माणूस कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नव्हता. शेवटी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून पोट भरायची वेळ आली.

याच काळात एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले. स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावानं जादूचे प्रयोगही केले. हे शिक्षण वाया गेलं नाही. पुढं पडद्यावर देव अचानक प्रकट व्हायचे नाहीतर गुप्त व्हायचे, त्यामागं हीच जादूगाराची नजर होती.

१९०२ साली दुसरं लग्न झालं. सरस्वतीबाई घरात आल्या. त्यांचं नाव नीट लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी गोष्ट त्यांची आहे.

फाळकेंनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे-चित्रं काढणारा म्हणून काही वर्षं सरकारी नोकरी केली. ती सोडून छपाईचा कारखाना काढला. रंगीत छपाई शिकायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. छपाईचं नाव झालं, पण भागीदारांशी पटेना. चाळिशीला आलेला माणूस, घरात लेकरं, आणि चालता धंदा सोडून मोकळा. आजूबाजूचे काय म्हणत असतील, ते गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९१०-११ च्या सुमारास ते थोरल्या भालचंद्रला घेऊन मुंबईत गिरगावच्या तंबूत हलती चित्रं बघायला गेले. पोरानं घरी येऊन आईला सांगितलं की पडद्यावर खरीखुरी जनावरं पळतात. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांनाच घेऊन गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो बघताना त्यांच्या डोळ्यांपुढं राम आणि कृष्ण उभे राहिले. आपले देव असे पडद्यावर कधी येणार, या विचारानं त्यांची झोप उडाली.

झोप उडाली हे शब्दशः खरं आहे. पुढचे काही महिने रोज चित्रपट बघायचे, रात्री घरी फिल्मचे तुकडे, भिंगं आणि मेणबत्त्या घेऊन बसायचं, झोप जेमतेम तीन तास. शेवटी डोळे गेले. दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारानं आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी नजर हळूहळू परत आली. कॅमेऱ्याच्या नादात डोळेच गमवायची पाळी आली होती, तरी नाद सुटला नाही. हे कौतुकानं सांगावं की काळजीनं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले. तिथं सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना ठरवला, कच्ची फिल्म आणि भोकं पाडायचं यंत्र घेतलं. कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा कुठं होता? हिंदुस्थानात असं काही बनू शकतं यावर सावकाराचा विश्वास नव्हता.

इथं वाटाणा येतो.

फाळकेंनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा त्या कुंडीपुढं रोखून ठेवला. रोज थोडी थोडी चित्रं घेत गेले. महिनाभर हे चाललं. कॅमेरा तेव्हा हातानं दांडा फिरवून चालायचा. दांडा सलग फिरवला की हालचाल जशी असते तशी दिसते. पण मध्ये वेळ सोडून एकेक चित्र घेतलं आणि नंतर सगळी सलग दाखवली, तर महिन्याची वाढ डोळ्यांपुढं झरझर उभी राहते. पडद्यावर माती फुटली, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल झाला. सगळा खेळ जेमतेम मिनिटभराचा. त्याला त्यांनी ‘अंकुराची वाढ’ असं नाव दिलं आणि निवडक लोकांना बोलावून दाखवला. बघणारे थक्क झाले, आणि कर्ज द्यायला माणसं तयार झाली.

आता बघा, वाटाणा उगवताना आपण कितीदा बघितलाय? आपल्याकडं तर एकरानं उगवतो. उगवतो म्हणूनच कुणी वाकून बघत नाही. फाळकेंना हाताशी नट नव्हते, सेट नव्हता, पैसा नव्हता, म्हणून त्यांनी जे दारात होतं त्याच्यावर कॅमेरा धरला आणि बाकीच्यांसारखी घाई केली नाही. महिनाभर रोज एका कुंडीपुढं उभं राहायला वेगळीच चिकाटी लागते. मोबाइलमध्ये आज टाइमलॅप्स नावाचं बटण असतं, ते एकदा दाबलं की काम होतं. त्यांच्याकडं बटण नव्हतं.

तरी कर्ज पुरलं नाही. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. दादरच्या त्यांच्या घरातच स्टुडिओ उभा राहिला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. परदेशातून आलेल्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती नेमकी पडली नाहीत तर फिल्म कॅमेऱ्यात सरकतच नाही, आणि उजेड लागला तर वाया जाते. म्हणून रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई भोकं पाडायच्या. फिल्म धुवायची रसायनं कालवायच्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडेल. आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, मदतीला कुणी नाही. ही सगळी माणसं त्यांच्याच घरात राहायची, जेवायची. चित्रपटाची कथा, पटकथा, दिग्दर्शन फाळकेंचं, हे सगळे सांगतात. पण ही भोकं पडली नसती तर त्यातलं एक चित्रही हललं नसतं.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, नाचगाणं करणाऱ्या बायकांना विचारलं, कुणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक चणीचा पोरगा दिसला. हॉटेलात दहा रुपये मिळायचे, फाळकेंनी पंधरा देऊ केले. अशी पहिली तारामती ठरली. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, रोहिदास झाला घरचाच भालचंद्र. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवायचे, म्हणून मंडळींना सांगून ठेवलं होतं की विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी आहे असं सांगा.

बाहेरचं शूटिंग वांगणी गावाजवळ झालं. तलवारी-भाल्यांची ही टोळी बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आलेत असं वाटलं आणि फौजदारापर्यंत खबर गेली, असा किस्सा सांगतात. फौजदाराची खात्री पटावी म्हणून फाळकेंनी कॅमेऱ्यात फिल्म न घालता त्याच्यासमोर एक प्रसंग करून दाखवला म्हणे. फिल्म महाग होती, फुकट कशाला घालवायची!

सहा-सात महिन्यांनी चित्रपट पूर्ण झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि चालला. त्याच वर्षी फाळकेंनी सगळा कारभार नाशिकला आणला. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या खऱ्या बायका पडद्यावर आल्या. १९१७ च्या ‘लंका दहन’ मध्ये राम आणि सीता, दोन्ही अण्णा साळुंकेच. त्या चित्रपटाची नाण्यांची कमाई बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात.

मध्येच १९१४ ला महायुद्ध लागलं आणि पैसा आटला. अशा अडचणीच्या वर्षांत फाळके पुन्हा घरातल्या वस्तूंकडे वळले. काडेपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवत, दर वेळी एकेक चित्र घेत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ काढली. नाण्यांना असंच हलवून ‘लक्ष्मीचा गालिचा’ काढला. तळेगावचा काच कारखाना, वेरूळची लेणी, आपल्याकडचा सिंहस्थ मेळा, हेही टिपलं. मोठ्या पौराणिक चित्रपटांपुढं हे छोटे तुकडे कुणी मोजत नाही. मला मात्र फाळके यांच्यातच जास्त दिसतात.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये बाळकृष्ण झाली त्यांचीच चिमुकली मंदाकिनी. तोवर भागीदारांची कंपनी झाली होती. इथंही खटके उडाले. फाळके रागावून काशीला जाऊन राहिले, नाटक लिहिलं, परत आले. १९३१ ला बोलपट आला आणि मुका चित्रपट मागं पडला. कोल्हापूरला १९३७ साली ‘गंगावतरण’ केला, तो त्यांचा शेवटचा. उतारवय नाशिकला पैशाच्या ओढाताणीत गेलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथंच ते वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो पुढं पंचवीस वर्षांनी, १९६९ ला.

फाळकेंच्या बऱ्याच फिल्म काळाच्या ओघात नष्ट झाल्या. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्या छोट्या फिल्मचा काही भाग मात्र शिल्लक आहे, मोबाइलवरही बघायला मिळतो. त्यात खुद्द फाळके दिसतात. नटांना हातवारे करून शिकवताना, आणि फिल्मची पट्टी उजेडाकडं धरून एकेक चित्र तपासताना.