डोंबिवली स्टेशनवरून नाव मिळालेल्या संख्या, आणि त्या शोधणारे कापरेकर मास्तर

डोंबिवली म्हटलं की आधी आठवते लोकलची गर्दी. पण गणितात एका संख्यागटाला याच स्टेशनचं नाव आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्यात आणि कॉलेज पुण्यात, फर्ग्युसनला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये पदवी. पुढचं शिक्षण झालं नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते.

डेम्लो म्हणजे काय?

जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. तेच आजचं डोंबिवली. तिथे त्यांना काही खास संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्या झाल्या डेम्लो संख्या. उदाहरणार्थ, ११ चा वर्ग १२१ आणि १११ चा वर्ग १२३२१. आकडे चढतात आणि तसेच उतरतात.

आनंद देणारं गुणोत्तर

त्यांचा आणखी एक शोध म्हणजे हर्षद संख्या, म्हणजेच आनंद देणाऱ्या संख्या. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते, ती हर्षद.

हे संख्यारेषेवर बघा. ४२ घ्या. ४ आणि २ ची बेरीज ६. शून्यापासून ६-६ च्या उड्या मारल्या, तर सातवी उडी बरोबर ४२ वर पडते. म्हणजे संख्या आणि बेरीज यांचं गुणोत्तर ७:१.

आता ४३ घ्या. बेरीज ७. सहावी उडी ४२ वर आणि सातवी थेट ४९ वर. ४३ हुकलं, म्हणून ती हर्षद नाही. शाळेत रुक्ष वाटणारं गुणोत्तर इथे डोळ्यांना दिसतं.

मग ते दुर्लक्षित का राहिले?

कारण ते प्राध्यापक नव्हते, शाळामास्तर होते. अनेक गणितज्ञांना त्यांचं काम म्हणजे आकड्यांचा पोरखेळ वाटे. बरंचसं लेखन त्यांनी स्वतःच छापलं.

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चं गुपित मांडलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा आणि हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. ३५२४ पासून सुरुवात केली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

१९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हे नाव कळलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढच्या वेळी डोंबिवलीला लोकल लेट झाली, तर मोबाइलवर एक संख्या टाइप करा. ती हर्षद आहे का, ते बघा. मास्तरांनी अख्खं आयुष्य याच आनंदात काढलं.