डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर

भाट्याच्या पुळणीवर सायंकाळी उभे राहिले म्हणजे खाडीपलीकडे रत्नागिरी शहर दिसते आणि पाठीशी माडांची गर्द राई असते. या भाट्यातच प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. बाणवली माडांतून निवड करून ‘प्रताप’ नावाची जी जात बागायतदारांच्या हाती आली, ती येथील परिश्रमांचे फळ होय. अशा केंद्रांतील जागांसाठी आज जाहिरात निघते, अर्ज येतात, निवड समितीपुढे मुलाखत होते आणि ठरलेली पात्रता असलेल्यांतून नेमणूक होते. आमच्या विद्यार्थ्यांना हे स्वाभाविक वाटेल. परंतु संशोधन हे आपल्या माणसाच्या आयुष्याचे काम होऊ शकते, ही गोष्टच ज्या काळी नवी होती, त्या काळी एका कोकणी गृहस्थाने हा मार्ग कसा आक्रमिला, ते आम्ही येथे सांगणार आहो. त्यांचे इंग्रजी शिक्षण खाडीपलीकडच्या रत्नागिरीतच झाले होते.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. घरची स्थिती साधारणच होती. वडिलांची बदली रत्नागिरीस झाली आणि मुलास इंग्रजी शाळेचे दार उघडे झाले. ही बदली झाली नसती तर पुढील चरित्र कदाचित घडलेच नसते. रत्नागिरीचा अभ्यास आटोपून १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तेथे दादाभाई नौरोजी हे त्यांचे एक गुरू होते. त्या वेळी त्यांचा ओढा गणिताकडे व सृष्टिशास्त्राकडे होता. संस्कृताकडे ते पुढे वळले.

पुढे त्यांस दक्षिणा फेलोची जागा मिळाली. हिचा इतिहास मनोरंजक आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात त्या खर्चास हळूहळू कात्री लागली व त्यातील काही रक्कम कॉलेजातील हुशार तरुणांच्या वेतनाकडे लावण्यात आली. अशा तरुणाने खालच्या वर्गांस थोडे शिकवावे आणि उरलेला वेळ स्वतःच्या अध्ययनात घालवावा, अशी योजना होती. आज विद्यापीठे संशोधक विद्यार्थ्यांस ज्या शिष्यवृत्त्या देतात, त्यांचेच हे पूर्वरूप म्हणावयास हरकत नाही. याच काळात विद्याखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांच्या प्रेरणेने भांडारकरांनी संस्कृताचा अभ्यास मनावर घेतला.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६२ साली तेथून बी. ए. होऊन जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत चौघेजण होते : महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि भांडारकर. रानडे न्यायखात्यात चढत जाऊन हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, वागळ्यांनी वकिली पत्करली, मोडकांनी शिक्षणखात्यात नाव मिळविले. भांडारकर पुढील वर्षी एम. ए. झाले. मानाच्या व पैशाच्या वाटा त्यांस मोकळ्या होत्या. तथापि त्यांनी शिक्षकाचा पेशा धरला. प्रथम सिंधमधील हैदराबाद येथे व नंतर १८६५ साली रत्नागिरीस ते हायस्कुलाचे हेडमास्तर झाले. ज्या गावी इंग्रजीची धुळाक्षरे गिरविली, त्याच गावी ते मुख्याध्यापक म्हणून परतले! संस्कृत शिकणाऱ्या मुलांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या जी दोन पुस्तके दिली गेली, ती त्यांनी याच शाळामास्तरकीच्या दिवसांत सिद्ध केली.

आता त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग येतो. कॉलेजातील संस्कृताचे अध्यापक त्या काळी बहुधा युरोपातून आणले जात. हाउग, ब्यूलर, कीलहॉर्न हे तिघेही जर्मनीहून आलेले थोर पंडित होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका नाही. १८६९ च्या आरंभी एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृत प्रोफेसराच्या जागी भांडारकरांची हंगामी नेमणूक झाली. काही वर्षे त्यांनी ते काम उत्तम प्रकारे केले. परंतु जागा कायम भरण्याची वेळ आली तेव्हा ब्रिटनहून पीटर पीटर्सन यांस आणण्यात आले व भांडारकरांस दुय्यम जागेवर राहावे लागले. त्यांच्यावर अन्याय झाला, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. गुण होते, अनुभव होता, काम करून दाखविलेले होते; तरी निवड झाली ती दुसऱ्याची.

अशा वेळी मनुष्य कडवट होतो किंवा विद्येचा नाद सोडून देतो. भांडारकरांनी आपली लेखणी खाली ठेवली नाही. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेस जाणे त्यांस जमले नाही, तेव्हा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध त्यांनी तिकडे पाठविला. १८७६ साली त्यांनी संपादिलेले ‘मालतीमाधव’ प्रसिद्ध झाले. रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठाने भाषाशास्त्रावर व्याख्यानमाला स्थापिली, तिची पहिली व्याख्याने १८७७ साली भांडारकरांनीच दिली. संस्कृतापासून पाली व प्राकृताच्या द्वारे मराठीसारख्या भाषा कशा निपजल्या, याचा उलगडा त्यांनी तीत केला. हस्तलिखिते शोधण्याचे सरकारी काम पुढे त्यांच्याकडे व पीटर्सनकडे मिळून आले. ज्याने आपली जागा घेतली त्याच्या बरोबरीने ते त्याच कामात झटले.

अखेर कीलहॉर्न स्वदेशी परतले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृताच्या प्रोफेसराची जागा भांडारकरांस कायमची मिळाली. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळिशीच्या घरात होते. १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ निघाला. १८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही पदवी अर्पण केली आणि पुढील वर्षी व्हिएन्ना येथील परिषदेस ते जातीने गेले. १८९३ साली ते सेवानिवृत्त झाले आणि ज्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत ते उत्तीर्ण झाले होते, त्याचेच कुलगुरू झाले.

त्यांचा विचार व आचार एकच होता. ते प्रार्थना समाजाचे अग्रणी होते आणि १८९१ साली आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून लोकनिंदा त्यांनी शांतपणे सोसली.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी त्या संस्थेस दिला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे प्रचंड काम १९१९ साली त्यांच्याच हस्ते सुरू झाले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे देहावसान झाले. ते काम मात्र विष्णु सीताराम सुखटणकर प्रभृती विद्वानांनी पुढे चालविले व १९६६ साली तडीस नेले. एकेकाळी ज्यास आपल्या देशात आपल्याच विषयाची जागा मिळत नव्हती, त्याच्या नावाच्या संस्थेत पुढील पिढ्यांच्या विद्वानांस जागा मिळाली. आम्हांस यातच त्यांच्या चरित्राचे सार दिसते.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाने संशोधनाची वाट धरावयाची म्हटली तर तीत भाकरी किती मिळेल, हा प्रश्न प्रथम उभा राहतो आणि तो रास्त आहे. हंगामी नेमणुका आणि लांबणाऱ्या निवडी आजही काही संपलेल्या नाहीत. परंतु माड लावणारा पहिल्याच पावसाळ्यानंतर नारळ मागत नाही. विद्यार्थिमित्रांनो, भाट्याच्या पुळणीवर गेलात तर खाडीपलीकडे एकवार पाहा. कारकुनाचा एक मुलगा तेथल्या शाळेत शिकला. जागा मिळेपर्यंत त्याने काम थांबविले नाही, आणि जागा मिळाल्यावरही ते थांबविले नाही.