कॅफेत बसल्या बसल्या रेल्वेचा आवाज आला, आणि या लेखकाने डॉक्टरांच्या आधी ओळखलं की आपल्या डोक्यात गाठ आहे

इन्स्टाग्रामवर एखाद्या अनोळखी माणसाचं प्रोफाइल उघडावं आणि खाली आपल्याच शाळेतल्या मित्राचं नाव म्युच्युअलमध्ये दिसावं, हे सगळ्यांसोबत होतं. जगातल्या कुठल्याही माणसापर्यंत पाच-सहा ओळखींत पोहोचता येतं, असं म्हणतात. ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. 1929 साली हंगेरीतल्या एका लेखकाने ती गोष्टीतून मांडली. मित्रांचं टोळकं गप्पा मारत बसलंय आणि पैज लागते की पृथ्वीवरच्या दीडशे कोटी माणसांपैकी कुणालाही निवडा, पाच ओळखींच्या साखळीने आपण तिथवर जाऊन दाखवतो. (2016 मध्ये फेसबुकने आपल्या युजर्सचा हिशोब मांडला, तेव्हा हे अंतर सरासरी साडेतीनच्या आसपास निघालं.)

त्या लेखकाचं नाव फ्रिग्येश कारिंथी. गोष्ट लिहिल्यावर सात वर्षांनी स्वतःच्या जिवासाठी त्यांना बुडापेस्टहून थेट स्टॉकहोमच्या एका सर्जनपर्यंत पोहोचावं लागलं.

कारिंथींचा जन्म 1887 चा, बुडापेस्टमधला. 1912 मध्ये त्यांनी नावाजलेल्या लेखकांच्या शैलीची खिल्ली उडवणारं पुस्तक काढलं आणि ते एकदम फेमस झाले. आपल्याकडे पुलंच्या विडंबनांवर लोक जसे फिदा असतात, तसंच काहीसं. शाळेतल्या पोरांवरच्या त्यांच्या गोष्टी हंगेरीत आजही वाचल्या जातात. पण घरात दुःख होतं. पहिली पत्नी, अभिनेत्री एतेल, 1918 च्या स्पॅनिश फ्लूच्या साथीत गेली. पुढे त्यांनी अरांका बोम यांच्याशी लग्न केलं. अरांका डॉक्टर होत्या, मनोविकार हा त्यांचा विषय. पुढच्या कथेत हे महत्त्वाचं आहे.

मार्च 1936. संध्याकाळी सातच्या सुमारास कारिंथी नेहमीच्या कॅफेत बसले होते. अचानक धडधडत रेल्वे गेल्याचा आवाज आला. मग दुसरी, मग तिसरी. त्यांनी मान वर करून पाहिलं, तर आसपास कुठे रूळच नाहीत आणि बाकीचे लोक निवांत कॉफी पीत बसलेले. हा आवाज बाहेर नसून आपल्या डोक्यात आहे, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. कुणी कानाचा त्रास म्हणालं, कुणी सिगारेटवर खापर फोडलं. दरम्यान डोकेदुखी वाढली, उलट्या होऊ लागल्या, चक्कर येऊ लागली, अक्षरं पुसट दिसू लागली. अरांका त्या वेळी व्हिएन्नातल्या एका नामांकित क्लिनिकमध्ये होत्या. कारिंथी त्यांना भेटायला गेले, तेव्हा तिथे मेंदूत गाठ असलेला एक पेशंट त्यांनी पाहिला. त्याचा चेहरा डोक्यातून जाईना. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांच्या शस्त्रक्रियेची फिल्मही त्यांनी आधी पाहिली होती. दोन्हींचा मेळ घालून त्यांनी बायकोला सांगून टाकलं की मलाही तेच झालंय. अरांकांनी आधी ते उडवून लावलं. आयुष्यभर थट्टा करत आलेल्या माणसाचं हे असं होतं.

खरं काय ते डोळ्यांनी सांगितलं. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, तो 1971 मध्ये आला. पण डोळ्याच्या मागचा पडदा तपासता येत होता. मेंदूतला दाब वाढला की तिथली नस जिथून निघते ती जागा सुजते. कारिंथींच्या दोन्ही डोळ्यांत ही सूज सापडली. आजही सततची डोकेदुखी, उलट्या आणि अंधुक दिसणं एकत्र आलं की डॉक्टर ही काही मिनिटांची तपासणी आवर्जून करतात.

निदान झालं, पण पुढे काय? किरणोपचार करून पाहायचे की कवटी उघडायची? व्हिएन्नातल्या मोठमोठ्या डॉक्टरांची मतं जुळेनात, आणि इकडे नजर रोज थोडी थोडी जात होती. मेंदूच्या शस्त्रक्रियेत सरावलेले हात तेव्हा जगात मोजकेच होते. कुशिंग यांनी 1931 पर्यंत 2000 गाठी हाताळल्या होत्या. रक्तवाहिनीला चांदीची चिमुकली क्लिप लावणं, विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवणं या पद्धती त्यांनीच रूढ केल्या. असाच सरावलेल्या हातांचा एक माणूस युरोपात होता, स्टॉकहोमच्या सेराफिमर रुग्णालयात. हर्बर्ट ओलिव्हेक्रोना. अरांकांनी आता सगळी सूत्रं हातात घेतली. मित्रमंडळींनी आणि चाहत्यांनी पैशांची जुळवाजुळव केली, आणि जवळजवळ आंधळे झालेले कारिंथी बायकोसोबत जर्मनीमार्गे रेल्वेने स्वीडनला निघाले. हंगेरीतले पेपर त्यांची खबरबात छापत होते.

शस्त्रक्रिया मे महिन्यात झाली, आणि पूर्ण वेळ पेशंट जागा होता! फक्त त्वचा आणि कवटीभोवतीचा भाग बधिर केला होता. खुद्द मेंदूला वेदना कळत नाहीत, त्यामुळे हे शक्य होतं. कारिंथी पालथे झोपलेले, कवटीला भोक पाडणाऱ्या यंत्राचा आवाज थेट हाडातून कानात. मधेच त्यांना वाटलं की आपण छताजवळ तरंगतोय आणि टेबलावरचं आपलंच उघडं डोकं वरून बघतोय. गाठ लहान मेंदूत, रक्तवाहिन्यांची होती. ओलिव्हेक्रोनांनी ती काढली. काही आठवड्यांत नजर परतली.

घरी आल्यावर त्यांनी हा सगळा प्रवास लिहून काढला. 1937 मध्ये पुस्तक आलं. त्यात भीती आहे, पण रडगाणं नाही, आणि डॉक्टरांचीही मस्त फिरकी घेतलेली आहे. आजारी माणसाने आपल्याच मेंदूबद्दल आतून लिहिलेलं असं पुस्तक तोवर दुर्मीळ होतं. न्यूरोलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी ते लहानपणी वाचलं होतं. पेशंटच्या कहाण्या लिहून पुढे सॅक्स जगभर गाजले. 2008 च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावनाही त्यांचीच आहे.

कारिंथींना पुस्तकानंतर फार वेळ मिळाला नाही. 29 ऑगस्ट 1938 रोजी बालाटोन तलावाकाठच्या शियोफोक गावात पक्षाघाताने ते गेले. वय 51. गाबोर आणि फेरेन्त्स ही दोन्ही मुलं लेखक झाली. ज्यूंची धरपकड हंगेरीत पोहोचली, तेव्हा अरांकांना नेण्यात आलं. 1944 मध्ये त्या ऑशविट्झला मारल्या गेल्या.