धनंजयराव गाडगीळ : वाटपाला नियम देणारे अर्थशास्त्रज्ञ

देशाच्या तिजोरीतील पैसा राज्याराज्यांत कोणत्या न्यायाने वाटावा, हा प्रश्न भारतीय संघराज्याइतकाच जुना आहे. या प्रश्नाचे उत्तर मर्जीवर न सोडता ते नियमात बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने एका मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे जाते. ते म्हणजे प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ. ‘गाडगीळ सूत्र’ या नावाने त्यांची ओळख पुढे साडेचार दशके सरकारी कागदोपत्री कायम राहिली.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. शालेय शिक्षण नागपुरात झाले. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरील त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. हा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. मायदेशी परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी अल्पकाळ काम केले. नंतर सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिच्या संचालकपदी धनंजयराव आले आणि १९६६ पर्यंत तेथेच राहिले.

अर्थशास्त्र ग्रंथालयात बसून पूर्ण होत नाही, अशी त्यांची धारणा होती. वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची पाहणी याच संस्थेने केली. शेतकऱ्याच्या हाती वर्षाअखेर किती उरते, शहरातला कामगार कोठून आला, कर्ज कोणाकडून काढले, असल्या साध्या प्रश्नांतून आकडे गोळा होत गेले. देशाची सरासरी सांगणाऱ्या आकड्यामागे प्रदेशाप्रदेशांतील केवढे अंतर दडलेले असते, याची जाण त्यांना या कामातून आली.

सहकाराकडे ते वळले तेही याच जाणिवेतून. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी ऊस उत्पादकांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभारण्याचा ध्यास घेतला. धनंजयरावांनी त्याचे अध्यक्षपद स्वीकारले. विठ्ठलराव उपाध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले गाळप झाले. केंब्रिजचा पदवीधर आणि लोणीचा शेतकरी यांच्या या जोडीने ग्रामीण महाराष्ट्राला एक नवे साधन मिळवून दिले.

त्या साधनाला मर्यादाही होती. प्रवरेच्या काठी भंडारदऱ्याच्या धरणाचे कालवे आधीपासून होते. पाणी होते म्हणून ऊस होता आणि ऊस होता म्हणून शेतकऱ्याकडे भागभांडवल उभे राहिले. मराठवाडा आणि विदर्भाच्या बहुतांश भागात ही पहिली पायरीच नव्हती. परिणामी सहकारी साखर कारखानदारी पश्चिम महाराष्ट्रात दाटीने वाढली. स्वावलंबनाला सुरुवातीचे बळ लागते आणि ते सर्वत्र सारखे नसते. ही उणीव भरून काढणे हे शासनाचे काम ठरते.

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभेचे नियुक्त सदस्यत्व यांनंतर १९६७ मध्ये धनंजयराव नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. काळ कठीण होता. दुष्काळ आणि युद्धामुळे पंचवार्षिक योजना थांबवून वार्षिक योजनांवर काम चालू होते. त्याच वर्षीच्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत बिगरकाँग्रेस सरकारे आली होती. तोवर केंद्राची मदत योजनानिहाय मिळे. अनेक योजनांत राज्याला आपला वाटा घालावा लागे. ज्याच्याकडे पैसा, त्यालाच अधिक मदत, असा उफराटा न्याय त्यातून होत होता. दिल्लीत वजन असलेल्या राज्याचे पारडे जड होई, ही तक्रार तर होतीच.

चौथ्या योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून, हे चित्र बदलले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या विशेष गरजा आधी बाजूला काढायच्या आणि उरलेली रक्कम ठरलेल्या निकषांवर वाटायची, असे सूत्र राष्ट्रीय विकास परिषदेने स्वीकारले. ६० टक्के रक्कम लोकसंख्येनुसार, १० टक्के राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांवर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. मदतीत ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज हे प्रमाणही निश्चित झाले. आपल्या वाट्याला किती आले आणि का, हे प्रत्येक राज्याला पडताळून पाहता येऊ लागले.

त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांच्या पतपुरवठ्यासाठी क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचवला. डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणलेल्या अग्रणी बँक योजनेचा उगम तेथे आहे.

सूत्रावर टीका झालीच. गरिबीला थेट मोजणारा हिस्सा केवळ १० टक्के होता. शिवाय करवसुलीचा निकष सधन राज्यांना अनुकूल होता. १९८० मध्ये प्रकल्पांचा हिस्सा दरडोई उत्पन्नाकडे वळवून तो २० टक्के करण्यात आला. १९९१ मध्ये तो २५ टक्क्यांवर गेला. सर्व राज्यांना मान्य होईल असा नियम घडवताना न्यायाची मात्रा कमी करावी लागते, ही तडजोड धनंजयरावांच्या सूत्रात स्पष्ट दिसते.

सूत्राची आणखी एक सीमा होती. ते राज्याच्या वेशीपाशी थांबत असे. आतल्या विषमतेसाठी असा नियम नव्हता. महाराष्ट्रात त्याची निकड भासली तेव्हा १९८३ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते वि. म. दांडेकर, गोखले संस्थेत धनंजयरावांनंतर संचालक झालेले अर्थशास्त्रज्ञ. राज्याची सरासरी गाठण्यात कोणता जिल्हा किती मागे, हे मोजून समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचा हिशेब मांडला. मोजणीवाचून न्याय नाही, ही गुरुस्थानी असलेल्या धनंजयरावांची शिस्त त्यातही होती.

१९७१ मध्ये नियोजन आयोग सोडून धनंजयराव पुण्याला निघाले. ३ मे रोजी प्रवासातच, आगगाडीत, त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली आणि या सूत्राने होणारे वाटपही थांबले. राज्यांच्या हिश्श्याचा वाद मात्र वित्त आयोगासमोर चालूच आहे. लोकसंख्येला किती वजन द्यावे, मागासलेपणाला किती आणि स्वप्रयत्नाला किती, हे आजचे प्रश्न धनंजयरावांनी १९६९ मध्येच आकड्यांत मांडले होते.